ब्रिटिश लायसन्सवर गोव्यात गाडी: भावाची घ्यावी की भाड्याची?

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे डिचोलीचे. पोर्तुगीज पासपोर्ट, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते), २०१५ पासून इंग्लंडमध्ये स्विंडनला. गोव्याचं लायसन्स २०१९ मध्ये संपलं, आता ब्रिटिश लायसन्स आहे. पत्नी गाडी तिकडेच शिकली. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तीन आठवडे घरी यायचं आहे. भावाची गाडी वापरावी की रेंटची घ्यावी, पत्नीला बाजारहाटाला स्कूटर दिली तर चालेल का, आणि जुनं गोव्याचं लायसन्स दाखवून वेळ मारून नेता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मित्रांनी सल्ला दिलाय, ‘कोण बघतंय? गोव्यात सगळे असेच फिरतात.’

मी फोंड्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. चवथ आणि नाताळ जवळ आले की इंग्लंड, पोर्तुगाल, आखातातून घरी येणाऱ्यांचे किंवा त्यांच्या आईवडिलांचे असेच फोन येतात, त्यामुळे प्रश्न ओळखीचा आहे.

तुमचा रोख ‘पोलिसाने अडवलं तर काय दाखवू’ याकडे आहे. पण पोलिसाने अडवलं तर चलन होईल, एक दिवस वाया जाईल, संपलं. खरा कस लागतो तो गाडी कुणाला तरी लागल्यावर. त्या दिवशी तपास करणारा पोलीस, विम्याचा सर्व्हेयर आणि पुढे दावा उभा राहिला तर न्यायाधिकरण, तिघेही एकच गोष्ट विचारतात: चालवणाऱ्याकडे त्या तारखेला, त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स होतं का? ‘नाही’ असं उत्तर आलं की पैशाचं ओझं गाडीच्या मालकावर, म्हणजे तुमच्या भावावर येतं. तोवर तुम्ही स्विंडनला ड्युटीवर रुजू झालेले असता. म्हणून पुढचं सगळं मी भावाच्या बाजूने विचार करून लिहितोय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पत्नीच्या लायसन्सवर कोणकोणते वर्ग आहेत, भावाची गाडी गिअरची की ऑटोमॅटिक, तिचा विमा पूर्ण पॅकेजचा की नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा, यावर उत्तर थोडं फिरतं. जिथे फिरतं तिथे सांगेन.

आधी जुन्या लायसन्सचा विषय संपवू. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असायची, ती गेली. आता छापलेल्या तारखेला लायसन्स संपतं. त्यानंतर वर्षाच्या आत नूतनीकरण करता येतं, वर्ष उलटलं की परत परीक्षा. तुमचं केव्हाच उलटलंय. नव्याने शिकाऊ लायसन्स काढायचं म्हटलं तर पक्क्या लायसन्सच्या परीक्षेपूर्वी ३० दिवस थांबावं लागतं आणि तुमची रजा आहे तीन आठवड्यांची. पुढेमागे गोव्यातच राहायला येणार असाल तर तो मार्ग धरा, तेव्हा पत्त्याच्या पुराव्यासकट रीतसर अर्ज करता येईल. या खेपेला ते जुनं कार्ड कपाटातच राहू दे. संपलेलं लायसन्स पोलिसापुढे धरणं म्हणजे माझ्याकडे लायसन्स नाही असं स्वतःच लिहून देणं.

या सुट्टीपुरते तुम्ही रस्त्यावर पाहुणे आहात. जन्म डिचोलीचा, घर डिचोलीचं, सातेरीच्या देवळाकडचं वळण डोळे मिटून घ्याल, हे सगळं खरं, पण लायसन्सच्या दृष्टीने तुम्ही आणि हणजुणेला (अंजुनाला) उतरलेला मँचेस्टरचा पोरगा यांच्यात फरक नाही. दोघांनाही लागतं ते चालू ब्रिटिश लायसन्स आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी.

आयडीपी हे वेगळं लायसन्स नाही. ते तुमच्याच लायसन्सचं अनेक भाषांतलं, ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र आहे, आणि मूळ कार्डाशिवाय त्याला किंमत नाही. आयडीपीचे नमुने एकाहून जास्त आहेत आणि फोनवर निम्मे लोक इथेच अडकलेले असतात. एक १९४९ च्या जिनिव्हा करारातला, दुसरा १९६८ च्या व्हिएन्ना करारातला. भारतासाठी १९४९ चा घ्यायचा, वर्षभर चालतो. ब्रिटनमध्ये तो पूर्वी पोस्टात मिळायचा, एप्रिल २०२४ पासून पेपॉइंटची सेवा असलेल्या काही दुकानांत मिळतो. फी साडेपाच पौंड. फोटोकार्ड लायसन्स आणि पासपोर्ट साइझ फोटो घेऊन स्वतः जायचं, काउंटरवरच हातात पडतो. काउंटरवर ‘इंडिया, १९४९’ असं स्पष्ट सांगा.

हे विमानात बसण्यापूर्वीच करायचं. इथे आल्यावर आठवण झाली की लोक आमच्याकडे येतात, ‘आर.टी.ओ.त ओळख असेल, एक आयडीपी काढून द्या.’ ओळखीचा इथे काही उपयोग नाही. गोव्याचं कार्यालय आयडीपी देतं ते भारतीय लायसन्सवर, आपल्या लोकांनी बाहेर जाऊन चालवण्यासाठी. ब्रिटिश लायसन्सचा आयडीपी ब्रिटनच देणार. आणि इंटरनेटवर ‘दहा वर्षं चालणारं इंटरनॅशनल लायसन्स’ चाळीस-पन्नास डॉलरला विकणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. ते छान छापलेलं प्लास्टिक असतं, एवढंच.

आता स्कूटर. यावर जरा थांबतो, कारण गोव्यात सुट्टीवर आलेले बहुतेक लोक चारचाकीवर नाही, स्कूटरवर फसतात. गाडी चालवता येते म्हणजे स्कूटरही चालेल, त्यात काय, असं सगळ्यांना वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. इथे नुसतं चारचाकीचं लायसन्स असलेल्याला दुचाकी चालवता येत नाही, ब्रिटनमध्येही येत नाही, आणि आयडीपीवर शिक्के मूळ लायसन्सवर असतील तेवढ्याच वर्गांचे पडतात. १९४९ च्या नमुन्यात ‘ए’ म्हणजे मोटरसायकल आणि ‘बी’ म्हणजे मोटारगाडी. पत्नीने तिकडे फक्त कारची परीक्षा दिली असेल तर शिक्का ‘बी’वर पडणार, ‘ए’ची जागा रिकामी. अशा आयडीपीवर ती स्कूटर घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेली तर ती विनालायसन्स चालवते आहे, मग हेल्मेट कितीही चांगलं असो.

तिचं कार्ड उलटं करा. मागे बारीक अक्षरांत तक्ता आहे. ९ क्रमांकाच्या रकान्यात वर्गांची नावं आहेत, १२ क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांचे संकेत. ९ मध्ये ‘ए’, ‘ए-टू’ किंवा ‘ए-वन’ यांच्यासमोर तारखा असतील तर दुचाकीचा विचार करता येईल. नुसतं ‘ए-एम’ दिसलं म्हणून खूश होऊ नका, तो वर्ग ५० सीसीपर्यंतच्या मोपेडचा. इथे भाड्याने मिळणाऱ्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या. १२ मध्ये ‘बी’समोर ७८ आकडा असेल तर तिने परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीय, म्हणजे गिअरच्या गाडीची मुभाच नाही. भावाची गाडी गिअरची असली तर ती पत्नीच्या हाती द्यायची नाही, इतकं सरळ.

प्रवासाचा विमाही इथेच घात करतो. तिकडून निघताना लोक ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतात आणि निर्धास्त होतात. त्या पॉलिसीत बहुधा दुचाकीसाठी वेगळी अट असते: आपल्या देशात त्या वर्गाचं लायसन्स हवं, डोक्यावर हेल्मेट हवं, काहींत ठरावीक सीसीची मर्यादा. स्कूटर घसरून पाय मोडला आणि खासगी हॉस्पिटलचं बिल झालं की ही अट पहिल्यांदा वाचली जाते. निघण्यापूर्वी वाचायची असते ती. तेव्हा पत्नीसाठी माझं मत: दुचाकीचा वर्ग नसेल तर स्कूटरचा हट्ट सोडा. जवळच्या जवळ जायला पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, आहे, रिक्षा आहे, आणि डिचोलीत तुमचा एखादा पुतण्या मागे बसवून नेईलच. मागे बसतानाही हेल्मेट.

आता भावाची गाडी. ब्रिटनमध्ये विमा बहुतेक वेळा माणसाच्या नावाने असतो, पॉलिसीत नाव नसेल तर दुसऱ्याची गाडी चालवता येत नाही. त्यामुळे बाहेर राहिलेले लोक इथे येऊन विचारतात, ‘माझं नाव भावाच्या पॉलिसीत घालावं लागेल का?’ नाही लागत. आपल्याकडे विमा गाडीच्या मागे जातो. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेली कुणीही व्यक्ती गाडी चालवू शकते. अट ‘वैध लायसन्स’ एवढीच आहे, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. ती अट मोडली तर थर्ड पार्टीला, म्हणजे ज्याला इजा झाली त्याला, नुकसानभरपाई सहसा विमा कंपनी आधी देते आणि मग मालकाकडून वसूल करते. दुचाकीवरचा कमावता माणूस गेला असेल तर ही रक्कम घर गहाण पडावं इतकी होऊ शकते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर सरळ नाकारला जातो. शिवाय विनालायसन्स चालवणाऱ्याला ५ हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढंच. दोन वेगळी कलमं आहेत, १८१ आणि १८०. मित्रांचं ‘कोण बघतंय’ या १८० मध्ये बसत नाही, कारण तिथे अडकणार तुमचा भाऊ.

पॉलिसीत एक १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो गाडीच्या नोंदणीकृत मालकाचा. तुम्ही चालवत असाल तर तो तुमच्या कामाचा नाही. भावाला पॉलिसी पाठवायला सांगा. नुसता थर्ड पार्टी असेल तर गाडीला खरचटलं तरी खर्च तुमच्या खिशातून, हे आधीच दोघांत बोलून ठेवा. भावाभावांत नंतर बोलणं अवघड जातं.

कागद बरोबर असतील तर मी भावाच्या गाडीच्या बाजूने आहे. तिची सवय घरच्यांना आहे, ब्रेक कसे लागतात हे तुम्हाला कुणीतरी सांगू शकतं. पण भावाला रोज कामाला गाडी लागत असेल तर सरळ भाड्याची घ्या, आणि घेताना आधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी. चारचाकीसाठी १९८९ ची आणि दुचाकीसाठी १९९७ ची केंद्राची योजना आहे, त्यातून हे परवाने दिले जातात. पांढरी प्लेट, काळी अक्षरं म्हणजे घरगुती गाडी. ‘माझ्या मित्राची आहे, स्वस्तात देईल’ म्हणून जी मिळते ती बहुतेक अशीच. भाड्याने दिलेली घरगुती गाडी ठोकली की विमा कंपनी हात वर करायला मोकळी. वर अडवल्यावर ‘मित्राची आहे म्हणून सांगा’ असं मालकाने पढवलेलं असतं, आणि तुम्हाला मित्राचं आडनाव माहीत नसतं.

गाडी ताब्यात घेताना फोनवर सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमा आणि खालचा बंपर धरून, मालकासमोर. पासपोर्ट अनामत ठेवायला मागणारे भेटतात. देऊ नका, झेरॉक्स द्या, रोख अनामत द्या. सावंतवाडीला किंवा बेळगावला जाणार असाल तर त्या गाडीला गोव्याबाहेर नेता येतं का हे भाडं ठरवतानाच विचारा. पत्रादेवीच्या नाक्यावर विचारून उपयोग नाही.

इथवरचं थोडक्यात: जुनं लायसन्स बाद, १९४९ चा आयडीपी तिकडूनच, आयडीपी आणि ब्रिटिश कार्ड दोन्ही मूळ प्रती खिशात, पत्नीचे वर्ग कार्डावर बघून, गाडी भावाची किंवा काळ्या प्लेटची. गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी भाऊ डिजिलॉकरमधून दाखवू शकतो, तुमच्या परदेशी लायसन्सला ती सोय नाही.

कागद झाले. चालवण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझा पोटापाण्याचा धंदा तोच आहे, तेव्हा ऐकून घ्या.

ब्रिटनमधून येणाऱ्याला रस्त्याची बाजू बदलावी लागत नाही. दोन्हीकडे डावी बाजू, स्टिअरिंग उजवीकडे. लिस्बनहून येणाऱ्या तुमच्या चुलतभावाला मात्र ती अडचण आहे. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू धरली, पण गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असूनही डावीकडूनच चालत राहिला, कारण जमिनीच्या तिन्ही बाजूंनी डावीकडून चालणारा, ब्रिटिश अमलाखालचा मुलूख. पण लिस्बनवाला निदान सावध असतो. पहिले चार दिवस प्रत्येक वळणावर ओठ हलवत ‘डावी, डावी’ म्हणतो. ब्रिटनवाल्याला सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून तो जास्त बिनधास्त असतो, आणि माझ्या बाजूचा ब्रेक मला त्याच्यासाठीच जास्त वापरावा लागतो.

एक प्रसंग सांगतो. इंग्लंडहून आलेला एक मुलगा माझ्याकडे उजळणीला होता. फर्मागुढीहून बांदोड्याकडे उतरत होतो. आमच्या बाजूला एक टेम्पो उभा, पुढे रस्ता अर्धाच मोकळा. समोरून खासगी बस चढत होती. बसवाल्याने दोनदा डिपर मारला. या मुलाने मान डोलवली, आभाराचा हात वर केला आणि गाडी पुढे काढली. तिकडे समोरच्याने दिवे उघडमीट केले की व्यवहारात त्याचा अर्थ ‘या, तुम्ही आधी जा’ असा घेतात. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’. बस थांबणार नव्हती, मी माझा ब्रेक दाबला, आरसा टेम्पोपासून वीतभर अंतरावर. बसवाला खिडकीतून काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगा मात्र खरोखर गोंधळला होता: ‘सर, त्याने तर मला बोलावलं!’ हीच एक सवय तुम्हाला पहिल्या दिवसापासून उलटी करायची आहे. डिपर दिसला की ब्रेक. आणि त्या प्रसंगात नियमही बसवाल्याच्याच बाजूने होता: अडथळा आमच्या बाजूला होता, शिवाय चढाच्या अरुंद रस्त्यावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. केरीहून चोर्ला घाटात गेलात तर हे लक्षात ठेवा. तिथे उतरणीला ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालचा गिअर ठेवा.

सर्कलचं तसंच. नियम दोन्हीकडे जवळपास सारखा, जो सर्कलमध्ये आधीच आहे त्याला वाट द्यायची. तिकडे लोक तो पाळतात म्हणून तुम्ही मान उजवीकडे वळवून रिकामी जागा मिळेपर्यंत शांत उभे राहता. इथे तसे उभे राहिलात तर मागचा हॉर्न वाजवेल आणि डावीकडून दोन स्कूटर तुमच्या पुढे घुसतील. मग तुम्ही घाईघाईने निघता, आणि निघताना डाव्या आरशात न बघता. घोटाळा त्या क्षणाला होतो. वाट द्या, पण निघताना दोन्ही आरसे, आणि डाव्या खांद्यावरून एक नजर. इथे दुचाकी कुठूनही येते, बाजू विचारत नाही.

हॉर्नचा राग धरू नका. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी, इथे बहुतेक वेळा नुसता निरोप. उलट आपल्या गावातल्या वळणांवर तुम्ही स्वतः तो वाजवायचा आहे. चिऱ्यांच्या कुंपणभिंती रस्त्याला लागून, वर जास्वंदीची वई, पलीकडचं काहीच दिसत नाही. वळणाआधी एक लहान हॉर्न, वेग वीस-पंचवीस. तुमच्या डोळ्यांना तिकडच्या अरुंद ग्रामीण रस्त्यांची सवय झालीय, जिथे ताशी ६० मैलांची मर्यादा असते, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर. इथे काट्यावरचा आकडा किलोमीटरमध्ये आहे. तो ६० दाखवतो तेव्हा तुम्हाला हळू चाललोय असं वाटेल. डिचोली ते साखळी रस्त्यावर ६० हळू नाही.

चवथ म्हणजे पावसाळा संपलेला नसतो. डोंगर कापलेल्या ठिकाणी तांबडी माती वाहून डांबरावर पातळ थर बसतो, त्यावर ब्रेक लावला की गाडी सरळ जाते, तुम्ही वळवा किंवा नका वळवू. रात्री गुरं रस्त्यावर बसलेली असतात, काळ्या डांबरावर काळी म्हैस दहा मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. आणि त्या दिवसांत आरत्यांची मंडळी घुमट-शामेळ घेऊन घरोघर फिरतात, रात्री उशिरा, रस्त्याच्या कडेने, मुलं पुढे पळत. गावातल्या रस्त्यांवर रात्री ८ नंतर मी तर दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही.

पणजीला जाताना मये-चोडणवरून फेरीबोट घेणार असाल तर भरती-ओहोटी बघून रॅम्पचा उतार बदलतो. ओला असेल तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच न सोडता-धरता एका दमात, आणि आत गेल्यावर इंजिन बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून. बोटीवरचा माणूस हात करतो त्याचं ऐका, मागे बसलेल्या मामाचं नव्हे. स्कूटरवाल्यांसाठी एक गोष्ट: अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, मांडवी ओलांडायला खालचा जुना पूल.

दारूबद्दल एकच आकडा सांगतो. इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, आपल्याकडे ३०. तिकडे एक पाइंट पिऊन चालतं म्हणणारा इथे एका पाइंटवर मर्यादेत बसतो की नाही हे त्याच्या अंगकाठीवर आहे, आणि तो हिशेब करायचाच कशाला? पहिल्या गुन्ह्याला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि प्रकरण कोर्टात जातं. कोर्टाची तारीख तुमच्या परतीच्या तिकिटाकडे बघून पडत नाही. मोदकांच्या जेवणानंतर कुणी उर्राक-फेणी पुढे केली तर त्या दिवशी किल्ली भावाकडे.

तरीही काही झालंच तर. कुणाला लागलं असेल तर आधी १०८, पोलिसांसाठी ११२. जखमीला उपचार मिळवून देणं ही कायद्याने चालकाची जबाबदारी आहे. जमाव चिडलेला असेल आणि थांबणं शक्यच नसेल तर कायदा ते समजून घेतो, पण मग सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवायचं, आधी घरी नाही, वकिलाकडे नाही, आणि काहीही झालं तरी २४ तासांच्या आत. गाड्या हलवण्यापूर्वी फोटो काढा. जागच्या जागी नोटा देऊन मिटवायला लोक आग्रह करतील. पत्रा वाकला असेल, दोघांनाही मान्य असेल, तर ठीक. माणसाला खरचटलं असेल तरी मिटवू नका, पंचनामा होऊ द्या. कारण तीन महिन्यांनी दावा आला तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं, आणि नोटीस भावाच्या दारात येते.

शेवटचं. रात्रीच्या विमानाने मोपाला उतरणार असाल तर विमानतळावरून स्वतः चालवत घरी जाऊ नका. झोप झालेली नसते, धारगळला हमरस्ता लागतो आणि तिथे ट्रकवाले जोरात असतात. भावाला घ्यायला बोलवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ च्या सुमारास, रस्ते रिकामे असताना, भावाला शेजारी बसवून अर्धा तास मये तळ्यापर्यंत जाऊन या. बाजारात पहिल्याच दिवशी गाडी घालू नका.

आता पत्नीच्या कार्डामागचा ९ आणि १२ चा रकाना बघून कळवा, आणि भावाच्या पॉलिसीवर ‘पॅकेज’ लिहिलंय की नुसतं ‘लायबिलिटी’ (म्हणजे थर्ड पार्टी), तेही. त्यावरून तिच्यासाठी कुठली गाडी घ्यायची ते नक्की सांगता येईल.